केळ्यांच्या खोलीत ठेवलेलं शेत

माझ्या बायकोचं शेत माझ्या हातून गेलं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणाला वाटायला नको की दोष उन्हाचा होता, दुकानदाराचा होता किंवा विजेचा होता. सत्तर एकर जमीन, एक विहीर, दोन ट्रॅक्टर, कापणीचं एक मोठं यंत्र आणि अकरा मेंढ्या. हे सगळं मी तळहाताएवढ्या एका डबीत भरलं आणि ती डबी चार दिवस कच्च्या केळ्यांसोबत ठेवली. त्यानंतर वर्षभर तिला सांगत राहिलो की व्होल्टेज वरखाली झालं.

शेत लॅपटॉपमधलं होतं, हे खरं. पण हे वाक्य मी त्या वर्षभरात स्वतःला इतक्या वेळा ऐकवलं आहे की आता ते लिहायचीही लाज वाटते.

बायको दापोऱ्याची, तापीकाठच्या खेड्यातली. तिच्या माहेरी केळी. आम्ही शहरातले, वडील मास्तर, मी मास्तर. आमच्या घरात मातीचा संबंध कुंडीपुरता. लग्न होऊन अठ्ठावीस वर्षं झाली, तरी माहेरी गेली की ती आधी शेतात जाऊन येते आणि मग पाणी पिते. इकडे बुऱ्हाणपुरात तिला शेत म्हणून गच्चीवरची चार वांग्यांची झाडं होती. मला ते पुरेसं वाटायचं.

लॅपटॉप मुलीचा. तिच्या कॉलेजसाठी घेतलेला, जाडजूड, लाल दिवे लागणारा, सुरू केला की मिक्सरसारखा आवाज करणारा. इंदूरला नोकरी लागल्यावर तिला तिकडून दुसरा मिळाला आणि हा आमच्याकडे भरतकामाच्या रुमालाखाली पडून राहिला. एका दिवाळीत तिनं आईला त्यात शेतीचा खेळ दाखवला.

"आई, हे बघ. यात आपण नांगरायचं, पेरायचं, कापायचं."

"मजूर कुठून आणायचे?"

"मजूर लागतच नाहीत."

"बांधावरून भांडायला कोणी येतं?"

"नाही गं."

"मग खेळच आहे," बायको म्हणाली, आणि बसली ती तीन वर्षं उठली नाही.

खेळ कुठल्यातरी थंड देशातला होता. त्यात गहू होता, मका होता, बीट होतं, मेंढ्या होत्या, केळी नव्हती. तिनं मका लावला आणि त्याला केळी म्हणू लागली. मी एकदा म्हणालो, अगं हा मका आहे. ती म्हणाली, "दिसते मक्यासारखी. आहे केळीच." हळूहळू तिनं ती सगळी जमीन बापाच्या शेतासारखी करून घेतली. विहीर उगवतीच्या कोपऱ्यात, विहिरीशेजारी झाड, तिथून नदीकडे जाणारी वाट. खेळातल्या नदीला ती तापीच म्हणायची. दुपारी दोन ते चार ती कुणाला भेटत नसे. शेजारच्या वहिनी साखर मागायला आल्या तर मलाच सांगावं लागे, "त्या शेतात गेल्यात." वहिनींना आधी वाटलं, खरोखर दापोऱ्याला गेली. मग आतून ट्रॅक्टरचा आवाज यायचा.

एका संध्याकाळी जेवताना ती म्हणाली, "जागा संपली." मोटार जळाल्यावर तिचे वडील ज्या आवाजात सांगायचे, तोच आवाज.

लॅपटॉप भरला होता. मुलगी इंदूरहून नवनवे ट्रॅक्टर, नवे नकाशे त्यात चढवून द्यायची, आणि खेळ स्वतःही दर महिन्याला फुगायचा. त्या दुपारी बायकोनं सगळी कापणी उरकली आणि खेळानं ती साठवायला नकार दिला. पुन्हा उघडलं तर पीक उभंच. "अख्खा दिवस फुकट गेला," ती म्हणाली. "आता काहीतरी करा."

आता इथं माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं. ती आमच्या शाळेच्या एकत्रीकरणाची वर्षं होती. एकाच आवारात मराठी शाळा आणि हिंदी शाळा अशा दोन, मध्ये एक कमरेएवढी भिंत. वरून हुकूम आला की एका आवारात एकच शाळा. मग दोन हजेरीपट एक करा, दोन कपाटं एक करा, दोन घंटांपैकी कुठली वाजवायची ते ठरवा. या सगळ्याच्या संगणकी कामाचा प्रभार माझ्याकडे आला, कारण प्रिंटरला कागदाच्या दोन्ही बाजूंनी छापायला लावणारा मी एकटाच निघालो होतो. हे यश माझ्या डोक्यात गेलं. घरचा प्रश्नही मी त्याच डोक्यानं सोडवायला घेतला.

डिस्क दोन प्रकारांची. एक लॅपटॉप उघडून आत बसवायची, एक बाहेरून वायरीनं जोडायची. मी याचा विचार असा केला: आतली म्हणजे विलीन झालेला कायम शिक्षक, बाहेरची म्हणजे अतिथी शिक्षक. काम दोघंही करतात. पण एकाला काढता येत नाही आणि दुसऱ्याला कधीही घरी पाठवता येतं. ही तुलना मला इतकी आवडली की मी ती स्टाफरूममध्ये मांडली. हिंदी शाळेकडच्या ज्येष्ठ मॅडम स्वेटर विणता विणता म्हणाल्या, "सर, अंदरवाली ही लगवाइए. बाहरवाली का कोई भरोसा नहीं, कल को तबादला हो गया तो?" चर्चा मधल्या सुट्टीनंतरही चालली. शेवटी हेडसर म्हणाले, "सगळं तोंडी कशाला, पत्रक करा ना."

मी पत्रक केलं. आडव्या रेघा, उभ्या रेघा, रकाने: वेग, सुरक्षितता, बसविण्यास लागणारा वेळ, हलविण्याची सोय, अभिप्राय. घरी आणून बायकोला दाखवलं. तिनं वरून खाली वाचलं आणि विचारलं, "यात माझं मत कुठं लिहायचं?"

तसा रकाना नव्हता. मी म्हणालो, "अभिप्रायात बसवू."

मुलीचा फोन आला. "पप्पा, पत्रक वगैरे सोडा. आत एसएसडी टाका. त्या लॅपटॉपमध्ये एक जागा रिकामी आहे. बाहेरची साधी हार्ड डिस्क हळू चालते, आई ट्रॅक्टरवर बसून शेत यायची वाट बघत बसेल. धक्का लागला तर ती जाते, गरम होते. आणि काहीही घ्या, पण आईची सेव्ह फाइल, म्हणजे तिचं शेत, आहे तिथंच राहू द्या. फक्त खेळ हलवा. ऐकताय ना?"

"हो, हो."

दुकानदारही तेच म्हणाला. "सर जी, जगह बनी हुई है अंदर. दस मिनट का काम है."

सगळं जग एका बाजूला होतं आणि मी बाहेरची घेतली. लोकांना कारणं सांगितली: लॅपटॉप उघडला की बिघडतो, बाहेरची डिस्क लॅपटॉप मेला तरी जिवंत राहते, शाळेचं कामही होईल. यातलं एकही कारण खरं नव्हतं.

खरं कारण असं. त्याच्या महिनाभर आधी माझी बहीण आणि तिचे यजमान आले होते. दुपारची वेळ. बायको आतून म्हणाली, "आले, दोनच तास राहिलेत केळीचे." तास म्हणजे ओळी. पाहुण्यांनी घड्याळाकडे पाहिलं. चहा पंधरा मिनिटांनी आला. बहीण कपात बघत म्हणाली, "वहिनी फार मोठ्या बागायतदार झाल्या, आम्हाला मजुरीला तरी ठेवा." बायको हसली. मी नाही हसलो. माझ्या मनात तेव्हाच बसलं की हे शेत असं काहीतरी असावं, जे हात घालून उपटता येईल आणि कपाटात ठेवता येईल. पत्रकात मी लिहिलं होतं, "सहज काढून ठेवता येते." तो रकाना सगळ्यात आधी भरला होता.

डिस्क आणली आणि मी एकत्रीकरणाला बसलो. खेळ तिकडे नेला. मग वाटलं, खेळ एकीकडे आणि शेत एकीकडे, म्हणजे पुन्हा दोन कपाटं झाली. कॉम्प्युटरनं विचारलं, डॉक्युमेंट्सची जागा बदलायची का? जुन्या जागेवरच्या सगळ्या फाइली नव्या जागी न्यायच्या का? गेले सहा महिने दोन शाळांचे कागद एका कपाटात कोंबून माझा हात बसलेला होता. मी हो म्हणालो, आणि त्या फाइलींबरोबर शेतही तिकडे गेलं. मुलीचं वाक्य आठवलं नाही असं नाही. आठवलं, आणि वाटलं, पोरांना शिस्त नसते.

आता खेळ सुरू व्हायला इतका वेळ लागे की बायको बटण दाबून भांडी घासायला जाई. तिथूनच विचारायची, "शेत आलं का हो?" मी सांगायचो, "येतंय." कढई धुऊन झाली की शेत यायचं. तरी तिनं तक्रार केली नाही. उलट डिस्कला खणाच्या तुकड्याचं कव्हर शिवलं, नाडीसकट. आणि मी, पाहुणे यायचे असले की हळूच वायर काढून डिस्क कपाटात ठेवू लागलो. "जोडणी सैल आहे," मी म्हणायचो.

तिसऱ्यांदा असं झालं तेव्हा ती म्हणाली, "पाहुणे आले की हिची जोडणी बरी सैल होते."

मग मे महिना आला. बुऱ्हाणपूरचा मे माहीत नसेल त्याला समजावता येत नाही. नळाचं पाणी दुपारी चहाला चालतं. लॅपटॉप कापणीच्या मध्येच बंद पडू लागला. डिस्कवर हात ठेवला तर तव्यावर ठेवल्यासारखा. बायको एका हातानं ट्रॅक्टर चालवी आणि दुसऱ्या हातानं लॅपटॉपला पुठ्ठ्यानं वारा घाली. अशा अवस्थेत तिचा भाऊ आला, केळ्याची फणी घेऊन. शहराबाहेर रस्त्याला त्याचं केळी पिकवायचं चेंबर आहे. चेंबर म्हणजे बंद, थंड खोली. हिरवी केळी कॅरेटमध्ये रचून आत ठेवतात, चार दिवसांनी पिवळी काढतात.

"ताई, हे काय, पाळण्यातल्या पोराला घालते तसा वारा घालून राहिली?"

"मग काय करू? शेतात उभं पीक आहे."

"चेंबर दोन दिवस खाली आहे माझं, माल नाही. चल तिकडं. सोळा डिग्री."

मी याला विरोध करायला हवा होता. मी लॅपटॉपची बॅग उचलली.

त्या दुपारी बाहेर रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत होतं आणि आत माझी बायको स्वेटर घालून, कानाला स्कार्फ बांधून, उपड्या कॅरेटवर लॅपटॉप ठेवून मका कापत होती. मागे चार हमाल गोणपाट पांघरून उभे. पहिली दहा मिनिटं ते अदबीनं गप्प होते.

मग एकजण म्हणाला, "ताई, डाव्या अंगाला राहून गेलं."

"दिसतं मला."

"रिव्हर्स घ्या, रिव्हर्स. अजून. बस, बस, बस!"

"दीदी, ये मक्का है ना?"

"केळी आहे," बायको म्हणाली.

"दिखता तो मक्का है."

"ताई म्हणते केळी, तर केळी," मेव्हणा म्हणाला. "तुला पगार कोण देतं?"

तीन तास लॅपटॉप एकदाही बंद पडला नाही. शेवटची ओळ कापली तेव्हा हमालांनी टाळ्या वाजवल्या. बायकोचं नाक लाल झालं होतं आणि चेहरा असा होता, जसा मी आखाजीच्या सणाला दापोऱ्याच्या बांधावर पाहिला होता. दार उघडून बाहेर आलो तसा माझा चष्मा धुक्यानं भरला. मी तो शर्टाला पुसला आणि स्कूटर सुरू केली. यातून काही शिकावं, असं माझ्या मनात आलं नाही. एवढंच बसलं की ही खोली डिस्कला मानवते.

पुढच्या आठवड्यात माझ्या चुलतभावाच्या मुलीचं लग्न होतं, रावेरला. चार दिवस घर बंद राहणार. बंद घर म्हणजे भट्टी. बायको निघताना म्हणाली, "डिस्क राहू द्या लॅपटॉपजवळच, वर ओला टॉवेल नका टाकू फक्त." मी म्हणालो, कपाटात ठेवली आहे. खरं तर ती माझ्या पिशवीत होती. पेट्रोल भरून येतो असं सांगून मी चेंबरवर गेलो.

आता तिथं माल भरला होता. छतापर्यंत हिरवी केळी. मेव्हणा दारातच होता.

"दाजी, आज नका ठेवू. आत ओल असते. वाफ सोडतो आम्ही, नाहीतर सालं सुकतात."

"सोळाच डिग्री आहे ना?"

"डिग्री सोळाच आहे. पण केळं आम्ही पिकायला ठेवतो दाजी. हिला काय पिकवायची आहे?"

हमाल हसले. मी पण हसलो, आणि हसताहसताच खणाची ती डबी सगळ्यात वरच्या कॅरेटवर ठेवली. वर होती म्हणजे वाफ लागणार नाही, असा माझा हिशेब. वाफ वर जाते, हे मी मुलांना पाचवीत शिकवतो.

चार दिवसांनी परतलो. बायकोला घरी सोडून मी चेंबरवर गेलो. मेव्हणा नव्हता, एका हमालानं डिस्क आणून दिली. कव्हर दमट होतं आणि त्याला पिकल्या केळ्याचा वास येत होता. उन्हात आणताच डिस्कवर दव उभं राहिलं, थंड पाण्याच्या ग्लासावर राहतं तसं. मी रुमालानं पुसली. घरी बायको पाय धुऊन तयार होती.

"लावा लवकर. मेंढ्या चार दिवसांच्या उपाशी असतील."

मी लावली. आतून टक असा आवाज आला. मग पुन्हा टक. दाताखाली खडा यावा तसा. तिसऱ्यानंतर आवाज नाही.

"काय झालं?"

"लाईट वरखाली झाली वाटतं," मी म्हणालो.

डोक्यावर पंखा एकाच गतीनं फिरत होता. आम्ही दोघांनी वर पंख्याकडे पाहिलं. 

"शेत?" तिनं विचारलं.

"डिस्क गेली."

"मी शेताचं विचारते."

"तेही त्यातच होतं."

"पोरीनं तर सांगितलं होतं, ते वेगळं राहू द्या."

"कॉम्प्युटर आपोआप हलवतो," मी म्हणालो. ही दुसरी थाप. पहिलीपेक्षा सोपी गेली.

तिनं लॅपटॉप मिटला. म्हणाली, "विहिरीजवळ हौद बांधला होता मी मागच्याच हप्त्यात. बाप नेहमी म्हणायचा, एक हौद पाहिजे इथं. त्याच्यानं झालं नाही." एवढं बोलून ती लग्नघरून आलेले लाडू डब्यात भरायला गेली. त्या दिवसापासून दुपारी दोन ते चार ती झोपू लागली. अठ्ठावीस वर्षांत मी तिला दुपारी झोपलेलं पाहिलं नव्हतं.

मी डिस्क तांदळाच्या डब्यात पुरली. गच्चीवर उन्हात ठेवली. शेवटी दुकानदाराकडे नेली. त्यानं ती कानाला लावली, मग नाकाला.

"सर जी, इसमें से केले की खुशबू आ रही है."

"बुरहानपुर में किसमें से नहीं आती?"

तो हसला नाही. म्हणाला, इंदूरला एक जागा आहे, तिथं उघडून बघतात, कदाचित माल निघेल. कशामुळे बिघडली ते लिहूनही देतात. हे शेवटचं वाक्य ऐकलं आणि मी डिस्क खिशात घातली. आयुष्यभर सगळ्यांकडून लेखी मागणारा मी, एका लेखी कागदाला घाबरलो. मुलीनं दोनदा म्हटलं, माझ्याकडे पाठवा, मी नेते. मी म्हणालो, पाठवतो. पाठवली नाही. आता वाटतं, हे त्या चार दिवसांहून वाईट होतं. तेव्हा निदान मला कळत नव्हतं.

खरी पंचाईत मेव्हण्याची होती. डिस्क केळ्यांत होती हे त्याला माहीत होतं, आणि त्याच्या दृष्टीनं ते लपवण्यासारखं काहीच नव्हतं. एकदा सहज बोलला की मी संपलो. म्हणून राखीला तो आला तेव्हा मी त्याच्याशेजारी बसलो आणि उठलोच नाही.

"दाजी, ती तुमची डबी..."

"डबीचं सोड. आमच्याकडे दोन घंटा होत्या ना, त्यांचं काय झालं ऐक." मी त्याला दोन घंटांचं सांगितलं, मधल्या भिंतीचं सांगितलं, दोन शाळांत एकाच नावाचे चार विद्यार्थी निघाले त्यांचं सांगितलं. दोन तास. बायको राखी बांधताना म्हणाली, "अहो, त्याला श्वास तरी घेऊ द्या." भाऊबीजेला त्यानं "ताई, तुझं शेत" एवढंच म्हटलं आणि मी त्याच्या तोंडात करंजी घातली. जाताना तो बहिणीला हळूच विचारत होता, "दाजींची तब्येत बरी आहे ना?"

आणि मग आखाजी आली.

आमच्या भागात अक्षय तृतीयेला, म्हणजे आखाजीला, सासरी गेलेल्या लेकी माहेरी जातात. झोके बांधतात, गाणी म्हणतात, आया लेकींना जाऊ देत नाहीत. बायकोची एकही आखाजी चुकली नव्हती, मुलगी पोटात असतानाही नाही. पण दापोऱ्याला दोन दिवस ती आणि तिचा भाऊ एका घरात, आणि मी तिथं करंजी घेऊन सतत उभा राहू शकत नव्हतो. मी तिला सांगितलं की दोन्ही शाळांच्या पटाची पडताळणी आहे, माणूस घरी कागद घेऊन येणार आहे, मी शाळेत असेन, घरी कुणीतरी हवं.

"आखाजीला पडताळणी?"

"वरून आदेश आहे."

वरून काही नव्हतं. त्या दिवशी शाळेला सुट्टी होती. मी पिशवी घेऊन बाहेर पडलो आणि बंद शाळेच्या पायरीवर दिवसभर बसून राहिलो. संध्याकाळी घरी आलो. तिनं पुरणपोळी केली होती, एकटीनं. भावाचा दोनदा फोन येऊन गेला होता. "कोणी आलं नाही कागद घेऊन," ती म्हणाली. आणि ताट वाढताना, माझ्याकडे न बघता: "यंदा इकडचंही शेत नाही अन् तिकडचंही नाही."

तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं. मी तूप मागितलं. एवढा मी भित्रा.

बोलण्याऐवजी मी काय केलं, तर दुसऱ्या दिवशी लॅपटॉप दुकानात नेऊन आत डिस्क बसवून आणली. दुकानदार दहा मिनिटं म्हणाला होता, आठ लागली. खेळ पुन्हा चढवला. शेत आता क्षणात यायचं, पण ते कुणाचंच नव्हतं, नुसतं गवत. ठरवलं की तिचं शेत मी पुन्हा उभं करीन, जसंच्या तसं, आणि एक दिवस तिच्यासमोर ठेवीन. मग काही सांगावंच लागणार नाही. ती शेजारी भजनाला जायची तेवढा तासभर मी शेती करू लागलो.

तीन आठवडे केली. सरळ तास एकही आला नाही. एकदा नांगर जोडायचा राहिला आणि मी अर्धा तास रिकामा ट्रॅक्टर फिरवला. मका रस्त्यावर पेरला. मेंढ्या विकत आणल्या आणि त्यांना पाणी कुठून द्यायचं ते मला सापडलं नाही. विहीर ठेवायला गेलो तर ती नदीच्या काठावरच बसली, हलेना. त्या दिवशी ट्रॅक्टर वळवताना तो नदीत गेला, उताणा, चाकं वर, आणि इंजिन चालूच. मी सगळी बटणं दाबून पाहत होतो, तेवढ्यात मागून आवाज आला.

"काय करून राहिले तुम्ही?"

भजन लवकर संपलं होतं. ती दारात उभी होती, हातात प्रसादाची वाटी.

"काही नाही. ट्रॅक्टर जरा..."

ती जवळ आली. तिनं स्क्रीनवर बोट ठेवलं. "हे कोणाचं आहे?"

"तुझं शेत आहे," मी म्हणालो. "तसं करायचं होतं."

"हे माझं शेत? तापीच्या काठावर विहीर कोणी खणली? नदी आहे तर विहीर कशाला, पोहायला?" आणि ती हसायला लागली. वाटी टेबलावर ठेवून, पदर तोंडाला लावून, खाली बसून हसली. वर्षभरात मी तो आवाज ऐकला नव्हता. "रस्त्यावर केळी लावलीय ह्या माणसानं! सरका. सरका तिकडं." तिनं माऊस हातात घेतला, कुठलं तरी बटण दाबलं आणि ट्रॅक्टर पुन्हा काठावर उभा राहिला.

मग ती थांबली. स्क्रीनकडेच बघत, एकदम मऊ आवाजात म्हणाली, "माझ्यासाठी करत होते तुम्ही? इतकं कशाला मनाला लावून घ्यायचं. तुमची काय चूक त्यात? लाईटच आपल्याकडची तशी."

ती मला ओरडली असती तर मी आणखी वर्षभर गप्प बसू शकलो असतो, हे मला माहीत आहे. पण ते वाक्य माझ्यानं घेववलं नाही. मी म्हणालो, आणि जसं बोललो तसंच इथं लिहितो:

"लाईट गेली नव्हती. पंखा चालू होता, तू पाहिला होतास. डिस्क मी तुझ्या भावाच्या चेंबरमध्ये ठेवली होती, भरल्या केळ्यांत, चार दिवस. तो नको म्हणत होता. तुझी फाइल कॉम्प्युटरनं हलवली नाही, मी हलवली, पोरीनं सांगूनही. इंदूरला कदाचित ती निघाली असती. मी पाठवली नाही, कारण ते कारण लिहून देतात. आखाजीला कुठलीही पडताळणी नव्हती. मी शाळेच्या पायरीवर बसून होतो. तुझा भाऊ बोलेल म्हणून मी तुला माहेरी जाऊ दिलं नाही. आणि बाहेरची डिस्क मी एवढ्याचसाठी घेतली होती, की मला पाहिजे तेव्हा तुझं शेत काढून ठेवता यावं. माझं चुकलं. पहिल्यापासून चुकलं. मला माफ कर."